अकरा नंबरचं रिकामं ताट

१

सोमवारी चार वाजता मी वॉर्डात शिरले आणि मला पाहताच बाबांनी उजवा हात चादरीखाली घेतला.

घरी माझी नऊ महिन्यांची मुलगी आहे, चिमणी. जमिनीवरचं काही उचललं की ती अशीच मूठ पाठीमागे नेते. त्यामुळे हात लपवणारं माणूस मला दारातूनच ओळखू येतं. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी चादर उचलली. अनामिका मोकळी होती. अंगठीच्या जागी फिक्कट गोल वण, आणि त्याभोवती सुरकुत्या.

"अंगठी कुठंय, बाबा?"

"असेल इथंच." त्यांनी टॉवेलचं टोक तोंडाशी धरलं होतं. गेले काही दिवस बोलताना ते तसं करायचे. खोकला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

आई गेल्यावर तिच्या बांगडीची बाबांनी ती अंगठी करून घेतली होती. चाळीस वर्षं त्यांनी शिंपीकाम केलं. अंगठी बोटात आल्यापासून कात्री धरताना ती टोचायची, तरी काढली नाही. आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी निघाले तेव्हा ती बोटात होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

पाच वाजता दादा आला. त्याला कळलं आणि पाच मिनिटांत सगळा वॉर्ड गोळा झाला.

"सकाळी यांचं अंग कोणी पुसलं?" त्याने मोठ्या सिस्टरना विचारलं.

"मावशींनी. रोज त्याच पुसतात."

दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी बादली खाली ठेवली. पन्नाशीची बाई, हाताला साबणाने पडलेल्या भेगा. "दादा, मी वीस वर्षं इथं लोकांची अंगं पुसते. बोटातलं काढायचं असतं तर आत्तापर्यंत हिऱ्याचं दुकान टाकलं असतं."

"जिभेला हाड आहे का बघा!"

"कुणी घेतलेली नाही," बाबा म्हणाले. "मावशींचं नाव घेऊ नकोस."

"बाबा, तुम्ही गप्प पडून राहा." दादाने कागद मागवला आणि तक्रार लिहायला बसला.

खरं सांगते, मला तेव्हा अंगठीपेक्षा शुक्रवारची धास्ती होती. पाच आठवड्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं म्हणून बाबांचं ऑपरेशन झालं होतं. हाड ठीक बसलं, पण वरची जखम मिटेना. चिघळली, टाके उसवले. शुक्रवारी ती पुन्हा उघडून साफ करायची होती. सर्जन म्हणाले होते, "वय आहे. शरीर साथ देतंय का बघू." हे "बघू" मी चार दिवस घेऊन हिंडत होते.

निघताना चादर झटकली तेव्हा उशीजवळ काहीतरी पिवळं दिसलं. बोटभर लांबीचा दोरा. सरळ नव्हता, स्प्रिंगसारखा वेटोळं घेतलेला, जणू कशाभोवती तरी बरेच दिवस गुंडाळून ठेवला होता.

मी तो रुमालात बांधला. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

२

मंगळवारी भेटीच्या दोन तासांत मी तीन माणसांशी बोलले.

मावशी धुण्याच्या खोलीत होत्या. मी गेले तशी त्यांनी पाठ फिरवली.

"ताई, तुम्हीही झडती घ्यायला आलात?"

"नाही. सोमवारी अंग पुसताना अंगठी बघितलीत का, एवढंच विचारायचंय."

"होती. हाताला साबण लावला तेव्हा होती. आजोबा म्हणाले, बोटाला फार पाणी नका लावू. मी म्हटलं, आजोबा, सोनं काय विरघळतंय? तर हसले." त्यांनी हातातली चादर पिळली. "आता शुक्रवारी माझं नाव वर जाणार म्हणतात."

"दुपारचं ताट तुम्हीच उचललंत?"

"मीच. आणि वहीत लिहिलंही मीच. पूर्ण. तुमच्या बाबांचं ताट रोज चाटूनपुसून स्वच्छ. एक शीत नाही, डाग नाही. चमचा तर जसा येतो तसाच जातो. असा पेशंट बघायला मिळत नाही."

"ते जेवताना तुम्ही तिथं असता?"

"चोवीस खाटा आहेत, ताई. माझं काम ताट बघायचं, तोंड बघायला कुणाला वेळ आहे?"

ताटांची गाडी ढकलणारा जिन्याखाली बसून चहा पीत होता. त्याला सगळे ताटवाला म्हणत. माझा प्रश्न ऐकून तो खो खो हसला.

"अंगठी मी कशाला घेऊ? माझ्या बोटात बसायला हवी ना!" त्याची बोटं खरंच केळ्यांसारखी होती. "आणि सोमवारी मी खोलीत पाय ठेवला नाही. दारात गाडी लावतो, नऊ, दहा, अकरा अशी तीन ताटं देतो, पुढे जातो."

"बारा नंबर?"

"बाराचे आजोबा नाकातल्या नळीवर आहेत. त्यांना दूध-पावडर नळीतून. ताट नाही."

"जेवण बरं असतं का?"

"वजन करून देतो आम्ही, चव करून नाही. खाली पोत्यांचा काटा आहे, त्याच्यावर तांदूळ मोजून घेतो. आमचं जेवण चोरून न्यावंसं कुणाला वाटलं, तर मी त्याला हार घालीन."

तिसऱ्या बारा नंबरच्या काकू. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना वॉर्डात थांबायची बंदी होती. पेशंटने निवांत जेवावं म्हणून. फक्त काकूंना चोवीस तासांची परवानगी होती, कारण काकांना झटका आल्यापासून ते एक शब्द बोलत नव्हते आणि काकूंशिवाय कुणाच्या हाताला शांत राहत नव्हते. पाच आठवड्यांत मी त्यांच्याकडे कुणी आलेलं पाहिलं नव्हतं. बाई मुळातच बारीक. काकांच्या पायाला तेल लावत त्या बसल्या होत्या.

"काकू, सोमवारी आमच्या बाबांजवळ कुणी आलं होतं?"

"नाही गं, पोरी." त्या काकांच्या पायाकडेच बघत होत्या. "मला काही दिसलं नाही. माझं लक्ष नव्हतं."

खिडकीत त्यांचा स्टीलचा डबा उपडा घालून वाळत ठेवला होता. रोज दुपारी तो तिथेच असायचा. मी उठले. पाय खाटेखालच्या कचऱ्याच्या टोपलीला लागला, टोपली कलंडली, आणि त्यातून अंड्याची टरफलं जमिनीवर सांडली.

काकूंनी माझ्या आधी खाली वाकून ती गोळा केली. टोपली त्यांनी भिंतीकडे सरकवली.

३

बुधवारी सकाळी अकराला बोलावणं आलं. भूल देण्याआधीच्या कागदांवर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. दादा कामावर, म्हणून मी गेले. चिमणीला सासूबाईंकडे दिलं आणि तिची पिशवी चुकून माझ्यासोबतच आली.

सिस्टरनी फाइल समोर ठेवली. सही करायची जागा दाखवून त्या फोन घ्यायला वळल्या. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. आमचे हे म्हणतात, तू किराणाच्या पिशवीवरचंही वाचतेस.

पहिलाच कागद, भरती झाले त्या रात्रीचा. सोबतच्या वस्तूंची यादी. घड्याळ एक. चष्मा एक. कवळी वरची आणि खालची. आणि शेवटी: "पिवळी अंगठी एक. साबण लावूनही निघत नाही. बोटावर चिकटपट्टी लावली."

मी ती ओळ पुन्हा वाचली.

पाच आठवड्यांपूर्वी जी अंगठी नर्सना साबण लावूनही निघाली नव्हती, ती सोमवारी एकट्या मावशींनी, बाबा जागे असताना, त्यांना न कळू देता कशी काढली? तेही दिवसाढवळ्या, चार खाटांच्या खोलीत?

पुढचं पान वजनाचं होतं. दर सोमवारी एक आकडा. एकसष्ट पॉइंट चार. एकसष्ट पॉइंट चार. सहा सोमवार, सहा वेळा तेच. भुलीच्या कागदावरही तेच, आणि त्याखाली औषधाचं प्रमाण त्या वजनावरून काढलेलं.

पेन काढायला मी पिशवीत हात घातला तर हाताला चिमणीचं वाढीचं कार्ड लागलं. नऊ महिन्यांचे नऊ ठिपके. दात येत होते तेव्हा रेघ खाली बसलेली, ताप आला तेव्हा तिथेच अडलेली, मग चढलेली. शंभर ग्रॅम कमी भरली म्हणून मी रात्रभर रडले होते. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जिवंत माणसाची रेघ हलते. कालच्यापेक्षा आज पाणी जास्त प्यायलं तरी काट्याला कळतं. बाबांची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसू लागली. दवाखान्याचे कपडे कुणालाच बसत नाहीत. नऊ नंबरच्या माणसाचा सदरा त्याच्यासोबत आणखी एकाला झाकेल असा होता. बाबांचा मात्र अंगाबरोबर होता. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडून सुई मागवून घेतली होती, बटण तुटलंय म्हणून. आणि दोरा. पिवळा चालेल, म्हणाले होते.

मी धावत खोलीत गेले. बाबा झोपले होते. सदऱ्याची बाजू उलटून पाहिली. बारीक, एकसारखे, शिंप्याच्या हाताचे टाके. पिवळ्या दोऱ्याचे. एक ओळ, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. दर काही दिवसांनी सदरा आत घेतलेला.

अंगठी कुणी काढली हेच आम्ही सगळे विचारत होतो. ती कुणी काढलीच नव्हती. तिच्यातलं बोटच गेलं होतं.

मी सही न करता फाइल मिटली.

४

"सिस्टर, हे वजन कोणी केलं?"

मोठ्या सिस्टर उंच, शिस्तीच्या, पायाला कायम दुखणं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"सहा आठवडे एकच आहे."

सिस्टरनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं. "पहिलं खरं आहे. खाली तातडीच्या विभागात स्ट्रेचरसकट केलं होतं. इथला खुर्चीचा काटा तेव्हापासून दुरुस्तीला गेलाय. रकाना मोकळा ठेवला तर संगणक पुढचं पान उघडू देत नाही, औषधं निघत नाहीत. म्हणून मुली मागचाच आकडा टाकतात."

"सगळ्यांचाच?"

"उभं राहता येत नाही त्यांचा." त्यांचा आवाज खाली आला. "दोनदा लिहून दिलंय मी वरती. काटा आला नाही."

"आणि कुणी वाळत चाललंय हे कळतं कसं?"

"दर आठवड्याला दोन प्रश्न असतात. वजन घटलं का? जेवण कमी झालं का? दोन गुण झाले की आहारतज्ज्ञ बाई येतात. सहा मजल्यांना त्या एकट्या." सिस्टरनी स्वतःच संगणक माझ्याकडे वळवला. वजन घटलं का? नाही. जेवण कमी झालं का? नाही. गुण शून्य. "वजन मागचंच, आणि वहीत रोज पूर्ण. शून्यच येणार."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "खाली पोत्यांचा काटा आहे."

सिस्टरनी चाकाची खुर्ची मागवली.

वीस मिनिटांनी आम्ही तिघं सामानाच्या लिफ्टमधून खाली उतरलो. बाबा चाकाच्या खुर्चीत, मागे मी, पुढे सिस्टर. ताटवाल्याने कांद्याची पोती बाजूला ओढली.

"आजोबा, भाव काय लावू?"

"शिंपी आहे. कापडासकट मोज," बाबा टॉवेलमागून म्हणाले. ते घाबरले होते. मला दिसत होतं.

खुर्चीसकट सत्तर पॉइंट तीन. मग सिस्टरनी आणि मी त्यांना उचलून बाकावर बसवलं. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या हातांना फक्त हाडं लागली. रिकामी खुर्ची अठरा पॉइंट पाच.

वजाबाकी कुणीच मोठ्याने केली नाही. ताटवाल्याने चहाच्या कागदी कपावर पेन्सिलीने आकडा लिहिला आणि माझ्या हातात दिला. एक्कावन्न पॉइंट आठ.

"साडेनऊ किलोच्या वर गेले की हो," सिस्टरच्या हातातल्या फाइलमधला जुना आकडा बघून तो पुटपुटला. तो हसत नव्हता. "माझी ताटं पूर्ण जातात ना पण? मग ती खातं कोण?"

५

आम्ही बाबांना वर आणलं. खाटेवर बसवलं तसं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बाबा, दुपारचं ताट कुणाला देता?"

"मी जेवतो."

"मी रोज चार वाजता विचारत होते, जेवलात का. तुम्ही म्हणत होता, ताट बघ. चिमणीचं मी ताट बघत नाही, बाबा. तोंड उघडून बघते."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी बारा नंबरकडे गेले. काकू उभ्या राहिल्या. माझ्या चेहऱ्यावरच त्यांना दिसलं असावं.

"काकू, तुमच्याकडे डबा घेऊन कुणी येत नाही. काकांना ताट मिळत नाही. मग डबा रोज धुवायला लागतो तो कशाने? आणि अंड्याची टरफलं? या बाजूला अंडं फक्त अकरा नंबरला येतं."

त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. रुमालाच्या गाठीशी बोटं झगडत राहिली, गाठ सुटली, आणि माझ्या तळहातावर बाबांची अंगठी आली. आतल्या बाजूला तुटक्या पिवळ्या दोऱ्याचे दोन वेढे अजून चिकटलेले.

"पावाखाली होती," त्या म्हणाल्या. "सोमवारी तुमचे बाबा घास डब्यात टाकत होते तेव्हा पडली असणार. एरवी मी लगेच खाते, पण त्या दिवशी यांच्या नळीच्या गडबडीत डबा उघडला सहा वाजता. तोवर इथं चोर चोर झालं होतं. मी अंगठी दिली असती तर म्हणाले असते, डब्यात कशी आली? मग जेवणाचं निघालं असतं. मला इथून बाहेर काढलं असतं, पोरी. आणि हे…" काका छताकडे बघत होते. त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर होता. "मावशींसाठी रोज जीव तुटत होता माझा. पण तोंड उघडेना."

"तुम्ही मागितलं होतंत बाबांकडे?"

"नाही गं. पहिल्या आठवड्यात मला चक्कर आली. ते म्हणाले, काकू, मला भूक नाही, घ्या. मग रोजच म्हणायला लागले. मी एकदा म्हटलं, तुम्ही काय खाता? तर म्हणाले, सकाळी चहात पाव बुडवतो, तेवढं शिंप्याला पुरतं." त्यांनी माझा हात धरला. "मी खात होते ते मला कळत होतं. मी सांगायला हवं होतं."

मागून बाबांचा आवाज आला. "तिला काही बोलू नकोस. माझे दात काढ आणि बघ."

६

गुरुवारी सकाळी आहारतज्ज्ञ बाई आल्या, सर्जन आले, मोठ्या सिस्टर आणि दादा. सगळे अकरा नंबरभोवती. मी कागदी कप, पिवळा दोरा आणि अंगठी खाटेच्या कडेला मांडली. सर्जननी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. तरी मी सांगायला लागले, कारण शुक्रवार उद्यावर आला होता.

"ऑपरेशननंतर पहिला आठवडा बाबांना भूक नव्हती. तिथे थोडं वजन गेलं. हिरड्या बसल्या, कवळी ढिली झाली. एकदा सगळ्यांसमोर घास आणि कवळी दोन्ही ताटात पडली."

"नऊ नंबरवाला हसला," बाबा म्हणाले. आज टॉवेल नव्हता. गाल आत गेले होते. "त्याचा दोष नाही. मलाही हसू आलं असतं."

"त्या दिवसापासून त्यांनी लोकांसमोर चावणं सोडलं. समोर काकू उपाशी. त्यांनी ताट तिकडे दिलं. ताट रिकामं, म्हणून वहीत पूर्ण. काटा नाही, म्हणून वजन तेच. कपडे ढिले झाले असते तर मला दिसलं असतं, पण ते रात्री टाके घालत होते. अंगठी ढिली झाली तेव्हा तिला आतून दोरा गुंडाळला. म्हणून मावशींना म्हणाले, बोटाला पाणी लावू नका. सोमवारी दोरा भिजला आणि तुटला. मावशींनी काही घेतलं नाही. बाबांना स्वतःलाही माहीत नव्हतं अंगठी कुठे पडली."

"पण का, बाबा?" दादा ओरडलाच. "सांगायला काय झालं होतं?"

"डॉक्टर म्हणाले, अशक्त निघालो तर ऑपरेशन पुढे जाईल. मला घरी जायचं होतं. तिचं लेकरू तान्हं, तुझी नोकरी. माझ्यामुळे दोन्ही घरं इथं खेटे घालतायत." त्यांनी स्वतःच्या मनगटाभोवती दोन बोटांचं कडं केलं, मापं घ्यायचे तसं. "माप मला कळत होतं रे. दर चार दिवसांनी अर्धा इंच."

सर्जन वाकले. जखमेवरची पट्टी त्यांनी स्वतः उचलली, बराच वेळ पाहिली. मग भुलीचा कागद फाइलमधून काढून घडी घातला. "हे वजन धरून उद्या भूल दिली असती तर…" ते सरळ उभे राहिले. "उद्या नाही. जखम मिटायला माल लागतो. इथे मालच नाही."

दादा खाली पळाला. अर्ध्या तासात परत आला तो चार डबे, फळं, मिठाई, दुधाच्या पिशव्या घेऊन. चमचा त्याने बाबांच्या तोंडाशी नेला.

"थांबा!" आहारतज्ज्ञ बाईंनी त्याचं मनगट धरलं. माझ्याहूनही लहान दिसणारी मुलगी, पण आवाज असा की दादाचा हात तिथेच राहिला. "इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरलं तर रक्तातले क्षार घसरतात. हृदय थांबू शकतं."

"म्हणजे जेवायला पण द्यायचं नाही?"

"द्यायचं. आज थोडं, उद्या त्याहून थोडं जास्त. आधी रक्त तपासून, जीवनसत्त्वं देऊन. मऊ, कुस्करलेलं, दिवसातून सहा वेळा. कवळीला दातांचे डॉक्टर आजच." त्या माझ्याकडे वळल्या. "जेवताना कुणीतरी समोर बसायला हवं."

मी सिस्टरकडे पाहिलं. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना बंदी, ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

"पाटी मी उद्या उतरवते," त्या म्हणाल्या. "आणि चोवीस खाटा आज दुपारी खाली नेते. एकेक करून."

दादा मावशींना शोधत गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. परत आला तेव्हा तक्रारीच्या कागदाचे तुकडे त्याच्या मुठीत होते, आणि मागून मावशी सांगत होत्या, "दादा, पुढच्या वेळी चोर धरायचा तर आधी बोट बघा."

७

पोत्यांच्या काट्यावर त्या दिवशी चोवीसपैकी सात जण वाळलेले निघाले. सातही जणांच्या वहीत पूर्ण लिहिलेलं होतं, आणि सातही ताटांची सात वेगळी कारणं होती. एकाला डावा हात उचलता येत नव्हता आणि ताट डाव्या बाजूला ठेवत. एकीला झोपून गिळायची भीती वाटत होती. त्यांची गोष्ट मला पूर्ण माहीत नाही. दहा नंबरचे आजोबा पुढच्या आठवड्यात गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. त्या सातांत ते होते.

काकूंसाठी आता चौथं ताट येतं. ताटवाला ते पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा म्हणाला, "हे चोरून खायचं नाही बरं, काकू. चव लागणार नाही." त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, आणि काकांनी मान वळवून पाहिलं.

अंगठी परत घातली तेव्हा ती बोटावरून गळून माझ्या मांडीत पडली. बाबांनी सुई-दोऱ्याची डबी मागितली. मी म्हटलं, आता लपवायचं नाही, मी गुंडाळते. आतून पिवळ्या दोऱ्याचे अकरा वेढे बसले. सर्वांसमोर, उजेडात.

दर सोमवारी आम्ही खाली जातो. आता खुर्चीचा नवा काटा वॉर्डात आलाय, पण बाबांचा त्यावर विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात वजन उलट तीनशे ग्रॅम उतरलं. त्या रात्री मी चिमणीला कुशीत घेऊन छताकडे बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात तिथेच. तिसऱ्यात चारशे चढलं. घरी मी चिमणीच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांचेही ठिपके टाकते. रेघ वेडीवाकडी आहे. मला ती वेडीवाकडीच बरी वाटते.

जखमेच्या कडा लाल झाल्या आहेत. सर्जन म्हणतात, हा चांगला लाल. ऑपरेशन कधी, हे ते अजून सांगत नाहीत.

आज सोमवार. काट्यावर त्रेपन्न पॉइंट सहा. वर आल्यावर बाबांनी हात पुढे केला. दर किलोमागे एक वेढा काढायचा, असं त्यांनीच ठरवलंय. दुसरा वेढा काढायला दोनशे ग्रॅम कमी होते.

"काढ की," ते म्हणाले. "दोनशेने काय होतंय?"

"एक्कावन्न आठ अधिक दोन म्हणजे त्रेपन्न आठ, बाबा. आकडा लिहिण्यापुरता लिहायचा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुस्करलेल्या अंड्याच्या वाटीकडे. चमचा स्वतः उचलला. नवी कवळी अजून थोडी टोचते, त्यामुळे घास बराच वेळ तोंडात घोळतो. मी समोर स्टुलावर बसून होते. ताटाकडे बघत नव्हते.

"गिळलं," ते म्हणाले, आणि तोंड उघडून दाखवलं.